चाचा दाबत नसत ते बटण

अबुधाबीहून शारजाच्या हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या ऑफिसला आठवड्यातून दोनदा कंपनीची व्हॅन जायची. ड्रायव्हर रत्नागिरीकडचे. नाव मी कधी विचारलंच नाही, सगळे चाचा म्हणायचे. मी त्यांच्या शेजारी बसून त्यांची बोटं बघत राहायचे. जानेवारीत धुक्याने काच धुरकटली की चाचा हीटरची हवा नेमकी काचेवर सोडायचे. उन्हाळ्यात गेटवर ताटकळलो की एक बटण दाबून इंजिनाचा वेग थोडा चढवायचे, म्हणजे मागच्या सीटपर्यंत एसी पोचे. फक्त क्रूझ कंट्रोलच्या, म्हणजे पेडलवर पाय न ठेवताही गाडी एका वेगात पळवणाऱ्या बटणाला कधी हात लावत नसत. एवढा सरळसोट हायवे, आणि यांचा पाय आपला पेडलवरच!

शेवटी न राहवून विचारलं, "चाचा, हे बटण बिघडलंय का?"

"नाय मॅडम, चांगलं आहे. पण पाय मोकळा झाला ना, की डोकं गावाला जातं. मागं दहा माणसं बसलेली असतात."

मग एका सकाळी व्हॅनमध्ये मी एकटीच होते. हायवेला लागल्यावर चाचांनी अंगठ्याने ते बटण दाबलं आणि पाय अलगद उचलून ब्रेकजवळ ठेवला. मी बघतच राहिले.

"उद्या गावाला चाललो मॅडम, कायमचा. म्हटलं, आज दाबून बघू."

व्हॅन आपली आपण पळत होती. बऱ्याच वेळाने, स्वतःचंच नवल वाटल्यासारखे चाचा म्हणाले, "डोकं कुठं जातच नाय आज. इथंच बसलंय."