रॉबर्टने दिलेलं पाणी

आमच्या कॉलनीतल्या बायकांनी एका सज्जन इंग्रजाच्या मरणावर टाळ्या वाजवल्या, त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे.

ऐंशीच्या आसपासचा उन्हाळा. नाशिकरोडला आमच्या घरी उडदाचे पापड चालले होते. मदतीला शेजारच्या पगारेकाकू आणि मूळच्या देवळ्याच्या गांगुर्डेमावशी. मी दहावीत, इंग्रजी शाळेतली, लाजाळू, आणि माझे पापड भारताच्या नकाशासारखे! (श्रीलंकेसकट.) शेवटी आई म्हणाली, "लाटणं ठेव. त्यापेक्षा ते तुझं भुताचं पुस्तक आम्हाला मराठीत सांग."

पुस्तक फक्कड होतं. धुक्यातला बंगला, आपोआप वाजणारा पियानो... आणि रॉबर्ट! हा रॉबर्ट दर दहा पानांनी नायिकेचं चुंबन घेत असे. हे आईसमोर सांगायचं? वाचनालयाचं माझं कार्ड थेट पाणी तापवायच्या बंबात गेलं असतं!

पहिलं चुंबन आलं. मी पुस्तक तोंडासमोर धरलं. "मग रॉबर्टने तिला... पाणी दिलं."

"गुणाचा गं!" पगारेकाकू म्हणाल्या.

दहा पानांनी पुन्हा पाणी. मग जिन्यावर पाणी. मग तळघरात, अंधारात, बराच वेळ पाणी.

"शुगर आहे का गं तिला?" काकूंनी काळजीने विचारलं.

तेवढ्यात नायिका त्याच्या मिठीत बेशुद्ध पडली. (मिठी मी गाळली. बेशुद्धी उरली.) गांगुर्डेमावशींचं लाटणं थांबलं.

"पाण्यात कायतरी घालतोय मेला! भूतबित काय नाय, ह्योच लबाड हाय!"

"नाही हो मावशी, तो चांगला आहे!"

"चांगला? मंग सोता का नाय पीत?"

मी घाईघाईने पान उलटलं.

शेवटी भुताने रॉबर्टला गच्चीवरून ढकललं. "लय बेस झालं!" मावशींनी तेलकट हातांनी टाळ्या पिटल्या, काकूंनीही. आणि मी? मी हुंदके देऊन रडत होते!

"अगं, त्या विष घालणाऱ्यासाठी रडतेस?" काकू म्हणाल्या.

आईने पापड मोजायला घेतले. दोघी गेल्यावर मात्र म्हणाली, "मला इंग्रजी येत नाही. पण तुझे कान दिसतात. दर पाण्याला लाल होत होते."

संपलं! मी मनातल्या मनात कार्डाचा निरोप घेतला.

"उद्या दोघींना परत बोलावते," आई म्हणाली. "पहिल्यापासून सांग. पाणी न देता!"

सांगितलं. रॉबर्टसाठी तिघीही ढसाढसा रडल्या. दर चुंबनाला पाणी मात्र मला लागलं. तीन तांबे!