दुसऱ्या सहीची वाट

आमच्या कचेरीत तिसऱ्या मजल्यावर खिडकीपाशी बसणाऱ्या गृहस्थांना सिनेमा-नाटकवाले 'साडेसाती' म्हणायचे. पाठीमागे, अर्थात. तोंडावर साहेब. लहान मुलांना दिवसात पाच तासांवर आणि संध्याकाळी साडेसातनंतर दिव्यांसमोर उभं करायचं नाही, असा नियम आहे, आणि साडेसातला दोन मिनिटं कमी असताना हे कुठल्याही स्टुडिओच्या दारात उगवत. खात्याकडे गाडी नव्हती, म्हणून बसने येत. पण बस चुकली आणि साडेसाती टळली, असं कधी झालं नाही.

काम दुहेरी. सकाळी बाल कलाकारांना परवाने द्यायचे आणि दुपारनंतर ते पाळले जातात का, हे बघत फिरायचं. डॉक्टरचा दाखला, मुख्याध्यापकांचं पत्र, आईबापाची संमती, सगळं तपासून झालं की ते आईबापाला बाहेर बसवत आणि मुलाला विचारत, तुला हे करायचंय का? एकाने सांगितलं होतं, "हो, आई म्हणते मला करायचंय." त्या अर्जाचं काय झालं हे सांगायला नको.

मी शेजारच्या टेबलावर, वजनमापांच्या विभागात. त्यामुळे त्यांचे पराक्रम मला फुकटात ऐकायला मिळत. एकदा एका व्यवस्थापकाने सहा वर्षांच्या पोराला वेळ संपल्यावर कपड्यांच्या खोलीत दडवलं आणि पोरगं केव्हाच घरी गेलं म्हणून शपथ घेतली. तेवढ्यात कोटांच्या रांगेतून शिंक आली. साहेबांनी शांतपणे वही काढून विचारलं, शिंकणाऱ्याचं वय काय?

असा माणूस घरीही नियमाचाच असणार, असं सगळे धरून चालत. ते खरंही होतं. घोटाळा तिथेच झाला.

त्यांची मुलगी नऊ वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. तिच्या शाळेच्या नाटकाला एक दिग्दर्शक आला होता, त्याला ती आवडली. सिनेमात तीन प्रसंग होते, दिव्यांच्या दुकानदाराच्या मुलीचे. दिग्दर्शकाला ती कोणाची मुलगी हे ठाऊक नव्हतं. कळलं तेव्हा, म्हणतात, तो पाणी प्यायला. पोरीने मात्र आठवडाभर घर डोक्यावर घेतलं. आईने अर्ज भरला, दाखले जोडले, आणि अर्ज रीतसर खिडकीपाशी येऊन पोचला.

आता नियम चौदा. अधिकाऱ्याने आपल्या नात्यातल्या मुलाच्या अर्जावर निर्णय द्यायचा नाही. तो दुसऱ्या अधिकाऱ्याकडे पाठवायचा. नियम उत्तम. फक्त दुसरा अधिकारी नव्हता. सबंध शहराला पद एकच, आणि त्या पदावर हेच.

ते वरच्या साहेबांकडे गेले. वरचे साहेब म्हणाले, अहो, करा सही, कोण बघतंय? यांची अडचण अशी की महिनाभरापूर्वीच यांनी एक चित्रीकरण थांबवलं होतं, कारण मुलाचा शाळेचा दाखला मुख्याध्यापक असलेल्या मामानेच दिला होता. मामाने तेव्हा हेच विचारलं होतं, कोण बघतंय? आणि यांनी उत्तर दिलं होतं, मी.

तेव्हा त्यांनी अर्जावर लिहिलं, "दुसरा अधिकारी उपलब्ध होताच निर्णयार्थ पाठवावा", आणि दुसरं पद मागणारं पत्र वर धाडलं. उत्तर आलं, निधीअभावी तूर्त विचार शक्य नाही.

चित्रीकरणाची तारीख काही तूर्त नव्हती. दिग्दर्शकाने दुसरी मुलगी बघितली. तिचा अर्ज आला तो यांच्याचकडे. सगळे कागद बिनचूक होते, नाही म्हणायला जागा नव्हती. परवाना दिला. दिला म्हणजे तपासायला जाणं आलं. तीन दिवस हे त्या दुकानाच्या खोट्या भिंतीपाशी हातात घड्याळ घेऊन उभे होते.

शेवटच्या दिवशी घरी आले तर पोरगी दारात. तिने एवढंच विचारलं, तिने नीट केलं का? त्यावर या माणसाने सांगितलं, "पाच तासांच्या आत आटोपलं."

हे त्यांनीच मला पुढे कधीतरी सांगितलं, आणि सांगताना स्वतःच मान हलवली. तोंडात जे यायला हवं ते येत नाही, आणि जे येतं ते कचेरीचं असतं, ही तक्रार त्यांच्या बायकोची. त्या म्हणत, "आमच्या लग्नाला होकारसुद्धा यांनी 'हरकत नाही' असा कळवला होता."

मुलगी मोठी झाली, शिकली, दूरच्या शहरात कापडाच्या गिरणीत रंगांची तपासणी करू लागली. तपासणी रक्तातच. दर रविवारी फोन करायची, आईशी तासभर बोलायची. बाबांच्या वाट्याला, बरं आहे ना, हो, तू, मी पण, आईला द्या. भांडण कधीच झालं नाही. भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. तिच्याकडे जाऊन यावं, तर रजा कशी घ्यायची? हे चार दिवस नसले तर शहरातल्या एकाही मुलावर नजर नाही. बायको एकटी जाऊन येई. हे स्टेशनवर पोचवायला जात आणि गाडी दिसेनाशी झाली तरी उभे राहत.

पत्र मात्र दरवर्षी जायचं. परवान्याचं शुल्क घेता ना, मग त्यातूनच राखणदार ठेवा, असा साधा हिशेब. उत्तर दरवर्षी तेच, तूर्त. आम्ही वजनमापांची माणसं, पण हे 'तूर्त' किती लांब असतं, ते आमच्या कुठल्याही पट्टीने मोजून झालं नाही.

बाविसाव्या वर्षी ते संपलं, आणि संपवलं कोणी, तर निर्मात्यांनी. एकटा माणूस सकाळी कागद आणि दुपारी स्टुडिओ बघणार, म्हणून परवान्याला तीन-तीन आठवडे लागत. त्यांनीच शिष्टमंडळ नेलं, शुल्क वाढवा पण माणूस वाढवा म्हणाले. एक साडेसाती असताना दुसरी मागून घेणारे लोक मी तेवढेच पाहिले.

नवी अधिकारी आली, तिशीच्या आतली, चटपटीत. पहिल्याच सकाळी साहेबांनी टेबलाचा खालचा खण उघडला आणि एक पिवळी पडलेली फाइल तिच्यापुढे ठेवली. तिने पहिलं पान वाचलं.

"सर, अर्जदाराचं वय नऊ लिहिलंय."

"तेव्हा नऊ होतं. आता एकतीस."

"मग हिला परवाना कशाला लागतोय?"

"ते तुम्ही लिहा. मला लिहिता येत नाही. नियम चौदा."

तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मी एक वजन उगीचच पुसायला घेतलं. तिने फाइल घरी नेली, दोन दिवसांनी आणली. आत प्रत्येक वर्षाची एक ओळ होती, यांच्या अक्षरात: अर्ज प्रलंबित, दुसऱ्या पदाची पुन्हा मागणी केली आहे. तिने त्याखाली लिहिलं होतं, "अर्ज त्या वेळी सर्व बाबतींत पूर्ण होता. परवाना देण्यास हरकत नव्हती. अर्जदार आता सज्ञान असल्याने परवान्याची आवश्यकता नाही. निकाली." खाली सही.

साहेबांनी ते उभ्यानेच वाचलं, मग खुर्चीत बसून वाचलं. मग चष्मा पुसून म्हणाले, अर्जदाराला सगळ्या फाइलची प्रत जायला हवी.

प्रत गेली. बायको म्हणाली, अहो, फोन करून सांगा तरी, पोरगी घाबरेल सरकारी पाकीट बघून. हे म्हणाले, अर्जदाराला उत्तर द्यायला तीस दिवसांची मुदत असते. पण दुपारी ते स्टुडिओत जायला निघाले की जिन्यावरून परत येत आणि विचारत, माझा फोन वाजला का? फोन त्यांच्या खिशातच असे.

नवव्या दिवशी वाजला. वार मंगळवार. बोलणं मला ऐकू येत होतं, कारण त्यांना फोन कानापासून लांब धरायची सवय.

"बाबा, ते कागद मिळाले."

"पोच दिलीस का?"

"दिली." पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. "दरवर्षी लिहायचात तुम्ही?"

"लिहावं लागतं. नाहीतर फाइल बंद करतात."

"मला वाटायचं, मी काम केलेलं तुम्हाला आवडलं नसतं."

साहेबांनी खिडकीकडे तोंड केलं. मला वाटलं, आता परत काहीतरी कलम येणार. पण ते म्हणाले, "तिसऱ्या प्रसंगात जिना उतरायचा होता. ती मुलगी भराभर उतरली. तू सावकाश उतरली असतीस, हात कठड्यावर ठेवून. मी तीन दिवस तेच बघत होतो."

मग यांनीच विचारलं, कधी येतेस, आणि ती म्हणाली, बघते.

'बघते' म्हणाली, हे त्यांनी त्या दिवशी मला सांगितलं, नव्या बाईंना सांगितलं, आणि चहावाल्यालाही, त्याने काही विचारलं नसताना. 'बघते' म्हणजे हो का नाही, यावर आमची तीन मतं पडली. रविवार गेला, दुसरा गेला. फोन आईलाच आला. आईकडून कळलं की पोरीने ते सगळे कागद गिरणीतल्या तिच्या कपाटात ठेवलेत, घरी नाही. याचा अर्थ काय, तेही कोणाला सांगता येईना.

मग एका सकाळी साहेबांनी कोरा रजेचा अर्ज माझ्याकडून मागून घेतला. त्यांच्याकडे तो कधी नव्हताच. चार दिवस. नव्या बाईंनी लगेच शिफारस केली आणि विचारलं, सर, मुलीला कळवलंत ना?

"नाही," ते म्हणाले. "कळवलं तर म्हणेल, कशाला उगीच."

"आणि घरी नसली तर?"

त्यांनी अर्ज घडी घालून खिशात ठेवला, परत काढला, परत ठेवला.

"थांबू," ते म्हणाले. "दोन तिकिटं काढलीत. हिचं आणि माझं."