घरी करून बघा

आमच्या गावातल्या मडक्यांना भोकं पाडली ती मी नाही. चौथीच्या वर्गानं पाडली. मी फक्त शिकवलं.

हे मी तेव्हापासून सांगत आले आहे आणि तेव्हापासून कुणी ते पुरतं ऐकून घेतलेलं नाही. म्हणून आता लिहून काढते. वाचणाऱ्याला निदान मध्येच तोंड घालता येत नाही.

दुष्काळाचं साल होतं. ईट गावापासून पायी तासाभराच्या वाटेवर आमचं गाव. आडाच्या तळाला चहाच्या रंगाचं पाणी उरलेलं आणि दिवसाआड टँकर. निम्मं गाव रोजगार हमीवर खडी फोडायला जायचं. गावचा कुंभारसुद्धा. चिखल मळायला पाणी नाही, तर तो मडकी कशाची घडवणार? तोही बिचारा खडीच फोडत होता. म्हणजे घरात असेल ते मडकं शेवटचं. ही गोष्ट तेवढी ध्यानात ठेवा. माझ्या ध्यानात राहिली नव्हती.

हे गाव म्हणजे माझं सासर. लग्नानंतर कितीतरी वर्षं माझी नोकरी तिकडं तुळजापूर तालुक्यात, तामलवाडीच्या बाजूला, आणि आमचे हे इथं दूध संस्थेचे सेक्रेटरी. आमचा संसार एसटीच्या वेळापत्रकावर चालला होता, आणि एसटी वेळेवर येत नसे. शेवटी अर्ज-विनंत्या करून सासरच्या गावची शाळा मिळाली. हजर झाले त्याच दिवशी हेडगुरुजींनी बजावलं, "बाई, तपासणीत साहेबांचा शेरा चांगला पडला तर राहाल. पण गावानं तक्रार केली, तर माझ्या हातात काही नाही."

मला जगात दुसरं काही नको होतं. फक्त या गावातून हलायचं नव्हतं.

अशात मला परंड्याला प्रशिक्षणाला पाठवलं. तिथं एका साहेबांनी आम्हाला सांगितलं, की फळ्यावर शिकवलेलं फळ्यावरच राहतं आणि हातानं केलेलं डोक्यात जातं. शैक्षणिक साहित्य विकत आणायचं नाही. परिसरातून घ्यायचं, फुकट मिळतं. आता परिसर म्हणजे काय? शाळेच्या परिसरात एक लिंब आणि एक मोडका झेंड्याचा खांब. राहता राहिला माझ्या सासूबाईंच्या स्वयंपाकघराचा परिसर!

वर्तुळ शिकवायला पोळपाट गेला. दंडगोल शिकवायला लाटणं गेलं. त्या दिवशी घरात भाकरी झाली म्हणून निभावलं. अपूर्णांकाच्या दिवशी ती भाकरीही गेली, आणि पाव, अर्धी, पाऊण करत वर्गानं पूर्णांक खाऊन टाकला.

सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. आत्या म्हणाल्या, "का गं, ती शाळा सरकारची हाय का माझी?"

"आत्या, मुलांना समजतं हो त्यानं."

"समजू दी की. म्या कुठं न्हाय म्हन्ते. पर उद्या माणसाचं शरीर शिकवायचं आसंल तर मला नगं नेऊ."

तर पाणी शुद्ध करण्याचा पाठ. याआधी तो धडा पोरं पाठ करायची. एका मडक्यात कोळसा, दुसऱ्यात वाळू, तिसऱ्यात स्वच्छ पाणी. शाळेत एक जुना तक्ता होता, पण वाळवीनं त्यातली दोन मडकी खाल्ली होती. परीक्षेत मी विचारलं, पाणी तीन मडक्यांतून का गाळतात? एकानं लिहिलं, "कारण पुस्तकात तसे आहे." उत्तर खरं होतं, म्हणून मी त्याला अर्धा गुण दिला आणि घरी येऊन डोकं धरून बसले.

या वेळी मात्र मी पुरी तयारी केली. आत्यांची तीन जुनी मडकी हातापाया पडून मिळवली. घरी बसून कोळसा कुटला, तो तीनदा धुतला, वाळू धुतली, पोतं भरून शाळेत नेलं. एक मडकं टेबलावर, एक स्टुलावर, एक जमिनीवर. भोक पाडणं हा या पाठाचा आत्मा. दोन फुटक्या खापरांवर मी सगळ्या वर्गाकडून सराव करून घेतला. मडकं ओलं करायचं, पालथं घालायचं, खिळा टेकवायचा. "ठोकायचं नाही, फिरवायचं!" असं मी इतक्या वेळा म्हणवून घेतलं की शेजारचा तिसरीचा वर्गही म्हणायला लागला.

मग वर आडातलं गढूळ पाणी ओतलं. सगळा वर्ग श्वास रोखून. बऱ्याच वेळानं खालच्या मडक्यात टप टप थेंब पडायला लागले. पेल्यात घेऊन बघितलं तर नितळ पाणी! पोरांनी टाळ्या वाजवल्या. एरवी तोंडातून अक्षर न काढणारी शाली, तीसुद्धा पुढं येऊन पेल्यात डोकावून गेली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तेही अगदी गाळीव. त्याच भरात मी ते वाक्य बोलले.

"आता घरी करून बघा."

त्या दिवसांत शाळा सकाळची. पोरं दुपारी घरी गेली. आया खडीवर. घरात कुणी विचारणारं नाही, सांगणारं नाही, अडवणारं नाही. फक्त मडकी.

दिवस कलताना कौशाबाई आमच्या दारात उभी राहिली. चार घरं सोडून राहायची ती. हातात मडकं, डोक्यावर खडीची धूळ. ते मडकं तिनं माझ्या तोंडासमोर धरलं. बुडाच्या भोकातून मला तिचा एक डोळा दिसला.

"बाई, ह्ये काय हाय?"

"भोक," मी म्हणाले. (तेवढंच सुचलं.)

"ती मलाबी दिसतंय. पोरगं म्हन्तंय बाईंनी सांगितलं."

तिच्यामागं आणखी बाया होत्या. प्रत्येकीच्या हातात मडकं, आणि प्रत्येक मडक्याला भोक. एकही तडकलेलं नाही, एकाचीही खपली उडालेली नाही. मास्तरीण म्हणून सांगते, इतका चांगला निकाल माझ्या वर्गाचा कधीच लागला नव्हता.

"आन पानी काळंकुट्ट आलंय," मागून एक जण म्हणाली. "माज्या सासऱ्यानं तसंच पिलं. दात बघा जावा त्यांचे."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. कोळसा मी घरी धुतला होता. पोरांनी तो धुतलेला बघितलाच नव्हता. त्यांनी जे डोळ्यांनी बघितलं ते केलं, शब्दाला शब्द. जे मी दाखवलं नाही ते त्यांनी केलं नाही. इतकी आज्ञाधारक मुलं असतील तर शिकवणाऱ्यानं नीट विचार करून शिकवावं. पण हे मला परंड्यात कुणी सांगितलं नव्हतं.

मी बायांना म्हणाले, "माझी चूक झाली. पण बघा, आमच्या घरात रांजण आहे, तो तरी..."

तेवढ्यात आतून आत्यांची हाक आली. ती हाक ऐकून बायासुद्धा दोन पावलं मागं सरकल्या.

आमच्या घरात एक रांजण होता. कमरेएवढा, निम्मा जमिनीत पुरलेला, आत्यांच्या सासूच्या वेळचा. आमचे चिरंजीव सुनील चौथीत, माझ्याच वर्गात. रांजण पालथा घालता येईना, म्हणून त्यानं जमिनीच्या चार बोटं वर, बाजूनंच भोक पाडलं होतं. त्यात माझ्या चांगल्या पातळाची चिंधी कोंबून खाली मडकं लावलं होतं.

"सुन्या, मेल्या, कुणी सांगितलं तुला?" मी ओरडले.

"बाईंनी," तो म्हणाला, सरळ माझ्या तोंडाकडं बघून. शाळेत मला आई म्हणायचं नाही अशी मीच त्याला शिस्त लावली होती.

सकाळी टँकर येणार होता आणि गावात पाणी धरायला धड मडकं नव्हतं. पितळी हंडे-घागरी आधीच गहाण नाहीतर मोडीत गेलेल्या. भोकात चिंधी कोंबली तर ठिबकत होतं, भोक बुजवायला लाख नव्हती. कौशाबाई म्हणाली, "सकाळी तुमचा तो सायेब यनार हाय न्हवं तपासनीला? त्येलाच दावते ही. म्हनावं, न्ह्या ह्या बाईला दुसरीकडं." सगळ्या बायांनी माना डोलावल्या.

आमच्या ह्यांनी मग मर्दपणा केला. दूध संस्थेचे कॅन रिकामे पडले होते. जनावरांना चारा नाही तर दूध कुठून येणार, चार कॅन दूध निघायचं आणि बाकीचे कॅन नुसते वाजायचे. ह्यांनी सगळे कॅन गावात वाटून टाकले. "पाणी धरा. मग देऊ परत." बायकोची अब्रू राखायला निघालेला माणूस पुढचा विचार करत नाही.

सकाळी आधी टँकर आला. सगळे कॅन पाण्यानं भरले. त्याच्या मागोमाग दूध न्यायची गाडी आली. मग ह्यांना आठवलं, की ते चार कॅनही त्यांनी वाटून टाकले होते.

गाडी हॉर्न वाजवून रिकामी निघून गेली. लोक दुधाच्या चरव्या घेऊन संस्थेच्या पायरीवर उभे. परत नेलं तर नासणार. शेवटी तिथंच पोरांना बोलावून पेले भरून दिलं. त्या गावातल्या पोरांनी म्हशी राखल्या होत्या, शेणं काढली होती, पण पेलाभर दूध कित्येकांनी त्या दिवशी पहिल्यांदा प्यायलं. संस्थेचे चेअरमन ह्यांना म्हणाले, "सेक्रेटरी, तुम्ही नवरा-बायको मिळून गाव बुडवायला निघालाव का?"

आणि अशा वेळी, ओठांवर पांढऱ्या मिशा घेऊन पोरं शाळेत शिरत असताना, विस्तार अधिकारी साहेब आले.

साहेब मोटरसायकलवरून उतरतात तोच कौशाबाई पुढं झाली. मागं बायांची रांग. साहेबांनी मडकं हातात घेतलं, भोकातून आभाळाकडं बघितलं.

"कुणी पाडलं?"

"माज्या पोरानं. बाईंनी शिकवलं."

"तडा कसा गेला नाही?"

चौथीचा वर्ग एका सुरात ओरडला, "ठोकायचं नाही, फिरवायचं!"

मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. साहेब पोरांकडं वळले. कोळसा कशाला? वास जातो. वाळू कशाला? गाळ अडतो. मग पाणी काळं का आलं? पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मला वाटलं, संपलं.

शालीनं हात वर केला. वर्षभरात पहिल्यांदा. "बाईंनी कोळसा घरनं धुऊन आनला आसंल सायेब. आमाला दावलाच न्हाय."

मला तिचा राग आला. त्याच क्षणी असंही वाटलं, की हिला उचलून कडेवर घ्यावं. दोन्ही एकदम वाटलं, म्हणून मी काहीच केलं नाही.

"पर ही बाई आमाला नगं," कौशाबाई म्हणाली. "बदली करा."

तेव्हा आत्या गर्दीतून पुढं आल्या. मला वाटलं, आता रांजणाचं निघणार.

"सायेब, सगळ्यात मोठं नुकसान माझं झालंय. रांजण गेला. तकरार कराया पायजे ती म्या," आत्या म्हणाल्या. "आन म्या करत न्हाय. हिला काय बोलायचं ती म्या बोलते, रोज बोलते. गावानं दमायचं कारन न्हाय. लई वर्सांनी माजं लेकरू, सून, नातू एका ताटाला बसल्यात. कौशे, तुज्या पोरानं आज दूध पिलं का न्हाय?"

कौशाबाईनं पोराच्या ओठांकडं बघितलं आणि मडकं काखेत मारलं. बाया हळूहळू पांगल्या. मी पदर डोळ्यांना लावला. आत्या आजवर मला घरात एक गोड शब्द बोलल्या नव्हत्या. सगळे साठवून त्यांनी शाळेच्या पटांगणात एकदम खर्च केले. तक्रार टळली. मी राहणार होते.

साहेबांनी शेरा लिहिला. हेडगुरुजींनी तो मोठ्यानं वाचला. परिसरातील साहित्याचा उत्कृष्ट वापर. अध्ययनाचा परिणाम थेट घराघरापर्यंत. अशा शिक्षिकेचा लाभ एकाच गावापुरता मर्यादित ठेवणे योग्य नाही.

जूनमध्ये हुकूम हातात पडला. तालुक्याच्या पार दुसऱ्या टोकाचं गाव, एसटी दिवसातून एकदा. आत्यांनी हुकूम सुनीलकडून वाचून घेतला आणि कपाळावर हात मारला. "भोकं पाडून बी राहिली आसतीस गं. एवढं चांगलं कशाला शिकवलंस?"

नव्या गावात पहिल्या दिवशी वर्गात गेले. मी काही बोलायच्या आत पुढच्या रांगेतली एक मुलगी उठली. "बाई, आईनं इचारलंय, घरी काय करायला लावनार का?"

"का गं?"

"न्हाय, मंजी ती मडकी मामाकडं ठिवून यील."

मी फळ्याकडं वळले आणि खडूनं तीन मडकी काढली. एकावर एक, अगदी सुबक. भोकं काढली नाहीत.