फडक्याचा मुकदमा

बोलायच्या आधी ती उजव्या हाताचा तळवा पोटावर सपाट ठेवायची. निजलेल्या लेकरावर आई ठेवते तसा, अगदी हलका. मग एक श्वास घ्यायची आणि म्हणायची, "लिवा मुनशीदादा. मी सांगून राहिले तसंच लिवा. तुमच्या मनचं घालू नका."

मी तेव्हा हिंगोलीच्या कचेरीबाहेर कडुनिंबाखाली अर्ज लिहायला बसत असे. राज्य निजामाचं, कचेरीची भाषा उर्दू. लोक आपलं दुःख मराठीत सांगायचे, मी ते उर्दूत उतरवायचो, आणि उतरवता उतरवता ते थोडं परक्याचं होऊन जायचं. तुम्ही कधी दुसऱ्याचं पत्र लिहून दिलं असेल, तर मी काय म्हणतो ते तुम्हाला कळेल. सांगणाऱ्याला पहिल्या दोन ओळींनंतर आपलंच बोलणं ओळखू येत नाही. तो मान डोलावतो आणि अंगठा उठवतो.

ही बाई मान डोलवायची नाही. प्रत्येक ओळ परत मराठीत वाचून घ्यायची. मी "पोटात तीव्र वेदना" असं काहीसं लिहिलं, तर म्हणाली, "वेदना न्हाई. आत कोनी तरी बसल्यावानी वाटायचं. तसं लिवा."

"असं कचेरीत लिहीत नाहीत, बाई."

"काहून? कचेरीतल्या मान्सायला पोट न्हाई का?"

ती साखरा गावची. घरची थोडी कोरडवाहू जमीन आणि मेंढरांचा कळप. वय चाळिशीच्या आत-बाहेर असेल. अंगाने काटक, कपाळावर ठसठशीत गोंदण. तिच्यामागे दोन पावलं अंतर ठेवून तिचा नवरा उभा असायचा. खांद्यावर घोंगडी, आणि घोंगडीच्या घडीत काचेची एक बरणी. ती बरणी तो अशी जपून धरायचा की मला आधी वाटलं, आत तूप असावं.

आत फडकं होतं. औषधी पाण्यात बुडवलेलं, तळहाताएवढं, पिवळट पडलेलं. उन्हात धरलं की ते आत हळूच हलायचं, डोहातल्या शेवाळासारखं.

काय झालं होतं ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी तिच्या पोटात गोळा धरला होता. एका सरकारी दवाखान्यात तिचं ऑपरेशन झालं. त्या दवाखान्याचं आणि तिथल्या डॉक्टरांचं नाव मी घेत नाही. दोघांनी पुष्कळांचे जीव वाचवले आहेत. गोळा निघाला, टाके भरले, बाई बैलगाडीत बसून घरी आली. आणि महिनाभरात पुन्हा दुखू लागलं. ताप यायचा, जायचा. जेवण नको वाटायचं. ती परत दवाखान्यात गेली, तर तपासून सांगितलं, जखम चांगली भरली आहे, आता काही नाही, मनाचे खेळ आहेत.

दवाखाना "काही नाही" म्हणाला, म्हणून गावाने आपलं काही तरी शोधलं. बाहेरचं आहे, असं ठरलं. सासूने देवऋषी आणला. त्याने उतारा केला, धूप घातला, शेवटी तापलेल्या सळईने पोटावर डागण्या दिल्या. तेव्हा तिचे हात नवऱ्याने धरले होते. हे तिने मला सांगितलं तेव्हा तो मागेच उभा होता. त्याने मान वर केली नाही. बरणी तेवढी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

पुढे तिच्या भावाने तिला कनेरगावला माहेरी नेलं आणि तिथून सरहद्द ओलांडून वऱ्हाडात, बायकांच्या एका दवाखान्यात. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोट पुन्हा उघडलं आणि हे फडकं काढलं. पहिल्या ऑपरेशनच्या वेळी रक्त टिपायला घातलेलं, आतच राहून गेलेलं. ती शुद्धीवर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी तिला बरणी दाखवली. ती म्हणाली, "म्या पयले रडले न्हाई. हासले. म्हनलं, बघा, व्हतं ना!"

हसली असेल, असं मला आजही वाटतं. तिचं हसू फार उशिरा यायचं आणि आलं की डोळ्यांतच राहायचं.

डॉक्टरीणबाईंनी बरणी दिली, सोबत सहीची चिठ्ठी दिली. ती चिठ्ठी घेऊनच ती माझ्यापुढे बसली होती. हे काम नुसत्या अर्जाचं नव्हतं, म्हणून मी तिला आमच्या एका वकीलसाहेबांकडे घेऊन गेलो. म्हातारे होते, हळू बोलायचे, बोलताना डोळे मिटून घ्यायचे. त्यांनी बरणी हातात फिरवून पाहिली. मग म्हणाले, "बाई, तुला तीन वाटा आहेत. एक, फौजदारी. पण डॉक्टर सरकारी आहे, त्याला वरची मंजुरी लागेल, आणि त्याने मुद्दाम केलं असं कोणी म्हणणार नाही. दुसरी, त्याच्या महकम्याकडे, म्हणजे खात्याकडे, तक्रार. ते आतल्या आत चौकशी करतील, त्याला समज देतील, तुला कळणारही नाही. तिसरी, दिवाणी दावा. तुझं नुकसान झालं, ते भरून दे म्हणून. पण त्यात एक अडचण आहे. अशा दाव्याला मुदत असते आणि ऑपरेशनपासून धरली तर ती टळून गेली. आपण म्हणू की फडकं सापडलं तेव्हापासून धरा. मुन्सफसाहेब ऐकतील किंवा ऐकणार नाहीत."

तिने पोटावर हात ठेवला. "कोन्या वाटंनं गेलं तर डाक्टर माह्या म्होरं उभा राहील?"

"तिसऱ्या. साक्षीला यावंच लागेल."

"मंग तीच."

"हरशील, बाई. बहुतेक हरशील."

"हरू द्या. माह्या पोटात व्हतं का न्हाई, हे त्यायनं सांगावं. मला दोन वरसं सारे खोटी म्हनले."

दावा दाखल झाला. सुनावणीची पेशी पडायची, पुढे जायची, पुन्हा पडायची. ती दर पेशीला साखऱ्याहून चालत यायची. उन्हाळ्यात कचेरीपुढचं मैदान पांढरं फटक पडायचं, आणि त्या झळांत ती दोघं दूरवर दिसायची, पाण्यात चालल्यासारखी, पाय जमिनीला न लागलेली. पुढे ती, मागे घोंगडीवाला. जवळ येईपर्यंत ती खरीच येत आहेत की मला दिसत आहेत, हे कळायचं नाही. आली की ती निंबाखाली बसून लोकर कातायची. चातीची गिरकी, बोटांतून निघणारा काळा धागा, वरून गळणारी निंबाची फुलं. माझा हात लिहिता लिहिता थांबायचा. हाकेची वाट पाहणारे सगळे तिथे कंटाळलेले असायचे. ही एकटी घरच्या ओट्यावर बसल्यासारखी बसायची.

एकदा मी तिला विचारलं, "भुलीचं औषध देतात तेव्हा काय होतं हो?"

ती धागा न तोडता म्हणाली, "गोड वास येतो. मंग आपुन खाली खाली जातो, हिरीत कळशी सोडल्यावानी. वर मान्सं बोलत राह्यतात. त्यायचा आवाज येतो, बोल समजत न्हाई." मग म्हणाली, "तवा कोनी तरी कायी तरी म्हनलं व्हतं. ते आईकलं आसतं तर बरं झालं आसतं."

डॉक्टरांच्या बाजूने तडजोडीचा निरोप आला. काही रक्कम घ्या आणि दावा मागे घ्या. नवऱ्याचा जीव हलला. कळपावर रोग पडून गेला होता, हात अडला होता. तो चाचरत म्हणाला, "घेऊन टाकावं का?" ती त्याच्याकडे नुसती पाहत राहिली. रागाने नाही. त्यानेच नजर वळवली आणि वकीलसाहेबांना म्हणाला, "न्हाई म्हना."

शेवटी डॉक्टर आले. उंच, पांढऱ्या मिशा, थकलेला चेहरा. वऱ्हाडातल्या बाईंची साक्ष लिहून आली होती, ती वाचली गेली. बरणी मुन्सफसाहेबांच्या मेजावर होती. डॉक्टरांचे वकील म्हणत होते, हे फडकं कुठलंही असू शकेल, दुसऱ्या ऑपरेशनमधलंही. उलटतपासणी लांबत चालली. पंख्याची दोरी ओढणारा पेंगत होता. इतक्यात ती उठून उभी राहिली. पेशकार खेकसला, पण मुन्सफसाहेबांनी हाताने त्याला गप्प केलं.

ती डॉक्टरांना म्हणाली, "डाक्टरसाब, मी रोज दिस बुडता मेंढरं वाड्यात घालते. घालताना मोजते. एक कमी भरलं तर दार लावत न्हाई, मागं जाते. तुमी माहं पोट शिवलं तवा फडके मोजले व्हते का?"

मी तिचा प्रश्न उर्दूत सांगितला. त्या दिवशी दुभाष्याचं काम माझ्याकडे होतं. पण डॉक्टरांना मराठी येत होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

त्यांचे वकील घाईने उठले. डॉक्टरांनी त्यांना बसा म्हणून खुणावलं.

"मोजणारी नर्स त्या दिवशी नव्हती," ते मराठीतच म्हणाले. "त्या दिवशीचं तिसरं ऑपरेशन तुमचं होतं. मीच मोजायला हवे होते. मोजले नाहीत." मग बरणीकडे पाहून हळूच म्हणाले, "ते माझंच आहे. पुन्हा आलात तेव्हाही मी नीट पाहिलं नाही. चूक झाली, बाई."

ती खाली बसली. पदराने तोंड पुसलं. मागे नवरा मात्र उभ्याने रडू लागला, अगदी मोकळा, आणि चपराशाला त्याला बाहेर न्यावं लागलं.

दावा ती हरली. मुन्सफसाहेबांनी मुदतीच्या मुद्द्यावर तो फेटाळला. वकीलसाहेब मान खाली घालून तिला सांगू लागले, तर तिने विचारलं, "आन् डाक्टर बोलले ते?"

"ते निकालात लिहिलंय. पहिल्या ऑपरेशनचंच फडकं, डॉक्टरची गफलत, आणि बाईचं दुखणं वहम नव्हतं, खरं होतं. सगळं लिहिलंय. भरपाई तेवढी नाही."

"मंग मला त्याची नक्कल द्या." आणि बरणीकडे बोट दाखवून म्हणाली, "ती ठेवा तुमच्या सरकारातच. लई वागवली म्या."

नक्कल मिळाली, पण ती उर्दूत, आणि साखऱ्यात उर्दू वाचणारा कोणी नव्हता. म्हणून मी गेलो. सकाळची वेळ, पारावर पुरुष जमलेले, बायका भिंतीच्या सावलीला. देवऋषीही आला होता, एका कडेला बिडी न पेटवता बसून होता. मी एकेक वाक्य उर्दूत वाचून मराठीत सांगत गेलो. "वहम" शब्द आला तेव्हा थांबलो. "वादी बाईचं दुखणं हा भास नव्हता. ते खरं होतं."

दूर एक कोकरू ओरडत होतं, तेवढंच. मग सासू उठली. गुडघ्यांवर हात टेकत, बायकांमधून वाट काढत सुनेपाशी गेली, तिच्यापुढे फतकल घालून बसली आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "जीव खाल्ला गं माय आमी तुहा. समदं गाव मिळून खाल्ला."

सुनेने म्हातारीचा विसकटलेला पदर नीट केला.

नवरा माझ्यापाशी आला. "मुनशीजी, ती वळ पुन्यांदा वाचा." मी वाचली. तो म्हणाला, "आजून एकदा."

पुढे धामधुमीचे दिवस आले. रझाकारांच्या भीतीने गावं उठली, मीही बायको-मुलांसह वाशीमकडे गेलो. पोलीस कारवाईनंतर परतलो तर कचेरीवर नवा झेंडा होता. मी त्याच निंबाखाली पुन्हा बसलो, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला साखऱ्याची हकिगत विचारत राहिलो.

एका दुपारी तिचा नवराच आला. एकटा. मागे दोन पावलं अंतर ठेवून चालायची सवय सुटली नव्हती. पुढे कोणी नसताना तो तसाच संथ, जागा सोडून चालत आला आणि बसला.

"गेली," तो म्हणाला. "चैतात. आमी कळप घेऊन सरहद्दीपल्याड व्हतो. दुखलं-खुपलं कायी न्हाई. दुपारी नदीच्या काठाला बाभळीखाली टेकली. म्या पान्याला गेलो. आलो तं मेंढरं तिच्या भवताल, ऊन टाळायला एकमेकीखाली माना घालून, गप उभी. एक बी हालंना. तिचे डोळे मिटलेले, तोंडावर सावली. मला वाटलं, झोपली."

खांद्यावरची घोंगडी त्याने मांडीवर घेतली.

"म्हनून म्या आवाज दिला न्हाई, मुनशीजी. लई वरसांनी इतकी बिनघोर निजलेली दिसली. दिस कलला तरी तसाच बसून राह्यलो, मेंढरायला हाकललं न्हाई. म्हनलं, निजू द्यावं."