बंगालच्या बिऱ्हाडासाठी दोन खोल्या

चिमणाबाईंचं घर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत. पुढं सोपा, मागं दोन खोल्या. नवरा उद्यमनगरात फौंड्रीवर कामाला होता, तो वारला. पोटी मूल नाही. बाई पेठेतल्या लोकांच्या चटण्या कुटून देत आणि त्यावर एकटीचं भागे. उखळात मुसळ वाजतंय तोवर बरं असायचं, पण ते थांबलं की घर खायला उठायचं. मागच्या खोल्यांत तर त्या केर काढण्यापुरत्याच जात.

एकाहत्तरच्या पावसाळ्यात तालमीत सभा भरली. पूर्व बंगालमधून लाखो माणसं जीव मुठीत धरून येत होती आणि सरहद्दीवरच्या छावण्यांत पाय ठेवायला जागा उरली नव्हती. उद्या ही माणसं देशभर ठेवायची वेळ आलीच तर कुठं किती मावतील, असा विचार वर चालला होता. तीच विचारणा फिरत फिरत पेठेपर्यंत आली होती. लष्करातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले हंबीरराव सभेत मधोमध बसले होते.

मग काय, आयजीच्या जिवावर बायजी उदार! तालीमवाल्यांनी शाळा सुचवली, मास्तरांनी तालीम सुचवली. एका म्हाताऱ्यानं छाती काढून सांगितलं, "म्हायुद्धाच्या वक्ताला वळिवड्याच्या छावणीत पोलंडची गोरी माणसं नांदवली की आमच्या कोल्हापूरनं! बंगाली काय जड हायत?" त्याच्या माडीवर किती मावतील असं विचारल्यावर मात्र त्याला खोकल्याची उबळ आली.

दाराशी उभ्या असलेल्या बायकांतून चिमणाबाई पुढं झाल्या. "माझ्या मागच्या दोन खोल्या धरा, सुभेदार. पर पोराबाळांचं बिऱ्हाड द्या. घरात आवाज पायजे."

हंबीररावांनी 'बरं' म्हटलं आणि त्या दिवसापासून बाईंच्या अंगात वारं शिरलं. भिंतींना चुना दिला. मागं वेगळी चूल घातली. शेजारच्या विमलावहिनींचा माळ्यावर पडलेला पाळणा मागून आणला. बंगाली माणूस भात आणि मासे खातो, असं कुणीसं सांगितलं. मटणाचा रस्सा करावा तर चिमणाबाईंनीच, पण मासा त्या घरात कधी शिजला नव्हता. बाजारात मासेवालीशेजारी बसून त्या खवले काढायला शिकल्या. पहिल्याच माशावर सवयीनं मूठभर चटणी टाकली आणि रस्सा ढवळतात तसा खालून वरून कालथा फिरवला. मासा कुठं गेला ते त्यालाच ठाऊक, पातेल्यात नुसते काटे!

विमलावहिनी नाकाला पदर लावून आल्या. "अहो चिमणाक्का, बाजारात तुरी अन् तुमची ही गत! माणसांचा अजून पत्ता नाही आणि आम्हांला हा वास."

"यायचीत की. माणसं दमून भागून येणार, आन् मी काय तवा शिकत बसू व्हय?"

दिवाळीला बाईंनी फराळ जास्तीचा केला. आठवडाभर झाकून ठेवला आणि मग गल्लीतल्या पोरांना वाटून टाकला. हंबीरराव दिसले की त्या विचारत, आणि ते म्हणत, "हुकूम आला की सांगतो." सरकारनं बहुतेकांना सरहद्दीजवळच ठेवलं होतं, आणि थोड्या लोकांना आत हलवलं तेही इकडं नव्हे. सुभेदारांना हे कळलेलं होतं. पण सैन्यात बंदुकीपुढं उभा राहिलेला हा माणूस, बाईंपुढं त्याची जीभ रेटेना.

मग डिसेंबरात लढाई जुंपली आणि दोन आठवड्यांत जिंकलीही. पेठेत हलगी कडाडली, गुलाल उडाला. जिलेबीची परात घेऊन हंबीरराव चिमणाबाईंच्या दारात आले.

"जिंकलो की, आक्का! घ्या, तोंड गोड करा. सुटली बिचारी. आता आपापल्या घरला जाणार."

"मग हितं?"

"हितं कशाला येतील? सवताचं घर सोडून कोण येतंय?"

बरोबरच होतं. बाईंनी जिलेबी तोंडात घातली. लढाई आणखी थोडी लांबली असती तर एखादं बिऱ्हाड तरी आलं असतं, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. आलं आणि त्यांना स्वतःचीच शिसारी आली. लाखो माणसं घरी निघालीत, पेठ नाचतेय, आणि आपण काय मागतोय हे? हे कुणाला सांगायचं? आंबाबाईपुढं उभं राहूनही तोंडातून निघालं नसतं. त्यांना हुंदका फुटला आणि काही केल्या आवरेना.

हंबीररावांचेही डोळे भरून आले. गल्लीकडं वळून ते मोठ्यानं ओरडले, "बघा रं, ह्याला म्हणत्यात काळीज! विजयाचा आनंद बघायचा तर ह्या माउलीकडं बघा!" पोरं हलगी घेऊन दारात आली. कुणी बाईंच्या कपाळाला गुलाल लावला, विमलावहिनींनी पाठीवरून हात फिरवला.

चिमणाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "व्हय," त्या म्हणाल्या, "लई आनंद झालाय."