अबोल्याच्या घराण्यातली सून

चष्मेवाली लग्न होऊन त्या घरात आली, तेव्हा सासू-सासऱ्यांचा अबोला चौदा वर्षांचा झाला होता. भांडण कशावरून झालं ते दोघांनाही धड आठवत नव्हतं, पण आधी बोलेल त्याचं नाक कापलं जाणार होतं. म्हणून निरोप मुलाच्या हाती जायचे. "तुझ्या बापाला सांग, दार वाजतंय," असं सासूबाई म्हणायच्या, आणि दाराशेजारीच बसलेले सासरे मुलगा येऊन सांगेपर्यंत ढिम्म हलायचे नाहीत. पुढे दोघंही गेले, तेही एकमेकांचा निरोप न घेता.

अशा घरात वाढलेला तिचा नवरा पाण्याचे मीटर वाचायच्या नोकरीत होता. दिवसभर लोकांच्या जिन्याखाली वाकून आकडे टिपायचा. राग आला की तोंड मिटायचं, एवढीच कला त्याला वारशात मिळालेली, पण तीत तो वाडवडलांच्या वरताण निघाला. लग्नानंतर महिन्याभरात बायको त्याच्या नव्या मिशीला हसली, तर चार दिवस गप्प. तो घोरतो हे तिने पाहुण्यांसमोर सांगितलं, तर एकोणीस दिवस. ती बिचारी मागे मागे फिरायची, माफी मागायची, कशाबद्दल ते ठाऊक नसलं तरी. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. तिथे तिचा हात असा, की नाकावरून घसरणारा कुठलाही चष्मा दोन मिनिटांत दांड्या वाकवून बसवून द्यायची. घरी मात्र रोज तीच वाकायची.

मुलगी झाली, बोलायला लागली, आणि घराला पुन्हा निरोप्या मिळाला. माफ्या मागून थकलेली चष्मेवालीही तिच्याच हाती निरोप धाडायला लागली.

पोरगी नऊ वर्षांची असताना एका संध्याकाळी चष्मेवालीने तिला पिटाळलं. "तुझ्या बापाला सांग, ताट वाढलंय. गिळायचं तर गिळा म्हणावं." मग पाण्याचा तांब्या घेऊन ती मागोमाग गेली, तर पोरगी सांगत होती, "बाबा, आई म्हणते गरम आहे तोवर या." बापाने पेपरातून डोकंही वर काढलं नाही. पोरगी वळली आणि आईला म्हणाली, "बाबा म्हणाले, आलोच."

कधीपासून चाललंय हे, असं आईने विचारलं.

"पहिल्यापासून," पोरगी म्हणाली. "तुम्ही जे बोलता ते सांगण्यासारखं नसतं."

दुसऱ्या दिवशी दुकानात चष्मेवालीने एका निवृत्त हेडमास्तरांच्या फ्रेममध्ये डावी काच उजवीकडे बसवली. ते दुकानाच्या पायरीवरच अडखळले आणि शिव्या घालत परत आले. तिने काचा बदलून दिल्या, आणि घरी जाऊन नवऱ्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"आजपासून पोरगी निरोप नेणार नाही. तुम्हाला गप्प बसायचं तर खुशाल बसा, पण मी बोलणार. आणि माफी मागेन ती माझं चुकलं असेल तरच."

नवऱ्याने पेपरचं पान उलटलं.

मग तिने बोलायचा सपाटाच लावला. जे करायचं ते त्याला आधी सांगायची, मनात पाच आकडे मोजायची आणि हरकत नाही असं धरून चालायची. बेडरूमला लिंबासारखा पिवळा रंग लागला. त्याची स्प्रिंगा बाहेर आलेली आरामखुर्ची भंगारवाला घेऊन गेला. तिचा भाऊ आठवडाभर राहायला आला. तो बासरी शिकत होता आणि त्याला दीडच गाणं येत होतं. नवरा दातओठ खात सगळं बघत होता, पण बोलला तर हरला. सातव्या दिवशी पिशवी भरून तो बहिणीकडे निघून गेला.

बहीणही त्याच घराण्यातली. ओला टॉवेल पलंगावर टाकला म्हणून तिसऱ्या दिवशी तिने तोंड मिटलं. भाऊबहीण दोन दिवस समोरासमोर बसून राहिले. निरोप न्यायला घरात कोणी नव्हतं.

पाचव्या दिवशी तो परत आला. दारातच उभा राहून म्हणाला, "ती बोलतच नाही."

चष्मेवाली इतकी हसली की तिला जमिनीवर बसावं लागलं. तो भडकला, सवयीने तोंड मिटलं, आणि मग काय झालं कोण जाणे, भंगारात गेलेल्या आरामखुर्चीबद्दल ओरडायला लागला. भांडायची सवय नाही, त्यामुळे तेच वाक्य चार वेळा आलं आणि मध्येच रडू फुटलं. तिनेही उट्टं काढलं. सगळं ओरडून झाल्यावर तिने त्याला पोरीने बदललेल्या निरोपांची गोष्ट सांगितली.

"मीही बदलायचो," तो म्हणाला. "आईचे जास्त बदलावे लागायचे."

तिने त्याचा हात धरला, पण खुर्ची परत आणणार नाही, हेही लगेच सांगून टाकलं.

यानंतर स्वर्ग वगैरे अवतरला नाही. तो अजून फुगतो. फुगला की चपला घालून बाहेर एक लांब फेरी मारून येतो आणि काय खुपलं ते अडखळत सांगतो. कधीकधी त्याचंच बरोबर असतं, मग ती माफी मागते. महिन्यातून एखाद्या वेळी फेरी मारूनही तो गप्पच राहतो, तेव्हा ती पोरीला घेऊन सिनेमाला जाते. पोरगी आता अकरा वर्षांची आहे. तिला राग आला की ती दोघांनाही तोंडावर सुनावते, दार आपटते, आणि शेजारीण दुसऱ्या दिवशी चौकशी करते.