अक्कांचं ‘तडी’

नवनगरात त्या आमच्या समोर राहायच्या. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची, म्हणून मीही. आमच्याशी मराठी बोलायच्या, पण स्वतःशी बोलताना कानडी. दूध उतू जावो की कुणी टोचून बोलो, त्या आधी हळूच म्हणायच्या, “तडी.” म्हणजे थांब. कुणाला थांबवतात, ते बरीच वर्षं मला कळलंच नाही.

तेव्हा नळाला पाणी आठवड्यातून एकदा यायचं आणि घागरींवरून भांडणं ठरलेलीच. एकदा पाणी जायच्या बेतात असताना शेजारच्या नव्या सुनेचा धक्का लागला आणि अक्कांची भरलेली घागर लवंडली. तेवढ्यात नळही बंद पडला. अक्कांचा चेहरा लालबुंद झाला, हात वर गेला.

“तडी,” त्या पुटपुटल्या. स्वतःच्याच हाताकडे परक्याचा असावा तसं पाहिलं आणि रिकामी घागर घेऊन घरात गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारच्या त्या सुनेला चहाला बोलावलं. मी तिथंच होते. तिच्या हातात कप देऊन म्हणाल्या, “काल माझं पाणी सांडलंस. फार राग आला मला. पुढच्या वेळी बघून चाल.”

“मग कालच का नाही बोललात, अक्का?”

“काल राग बोलला असता गं. आज मी बोलतेय.”

भरली घागर न हिंदकळता घरी आणणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्यात. राग तसा न सांडता घरी आणणाऱ्या अक्का एकट्याच.